झाकण

माझ्यापुढं तो कधीच बंद पडला नाही.
गॅरेजात दोन-दोन तास इंजिन चालू,
शिलाई मशीनसारखा एकसुरी,
आणि मी स्टुलावर, नळीनं माते चोखत,
त्याच्या चुकण्याची वाट बघत.

"वाटेतच मरतो," एर्मिन्दा प्रिचर्ड म्हणायची,
"लास प्लुमासच्या अलीकडं, जिथं कुंपणही नाही.
पाव तास वारा खाल्ला की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नाही."

सत्त्याहत्तर सालचा फोर्ड.
मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला,
पॉइंट घासले, नवा पंप घातला,
एकेक वायर हलवून पाहिली
दुधाच्या दातासारखी.
साप म्हणून भुई धोपटणं ते हेच,
फक्त धोपटण्याचं बिल मी लावत होतो.

नोव्हेंबरात, मागं लोकरीच्या गाठी,
मी तिच्या शेजारी बसलो.
"आज पडणार," ती म्हणाली, "टाकी भरलीय ना."
म्हणजे?
"अर्ध्या टाकीवर निमूट चालतो."
हे आधी का नाही सांगितलं?
"तू विचारलं होतंस?"

अडतिसाव्या किलोमीटरला एक उचकी,
मग दुसरी,
मग नुसता चाकांचा आवाज
आणि आडवा वारा.
तिनं सवयीनं गाडी खडीवर घेतली.

मी बॉनेटला हात लावला नाही.
मागं गेलो. टाकीच्या झाकणात किल्ली फिरवली
आणि टाकीनं हवा आत ओढली,
लांब, किती तरी वेळ,
पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखी.

झाकणाला कुठंच छिद्र नव्हतं.

"इव्होरनं बसवलंय," ती म्हणाली.
"रात्री कुणीतरी पेट्रोल काढून न्यायचं.
त्रेलेवपर्यंत हिंडला, तेव्हा हे मिळालं, असं घट्ट.
त्याच हिवाळ्यात तो गेला.
पण तीन वर्षांत एक थेंब चोरीला गेला नाही."

नवं झाकण स्वस्त असतं. तिला नको होतं.
मी सगळ्यांत बारीक ड्रिल लावलं;
खाली तळहात धरून ती उभी,
कीस त्यावर पडत होता.
"मोठं नको करूस," एवढंच म्हणाली.

मग पैसे काढायला लागली. मी नको म्हटलं.
कॉइलचे, पंपाचे मात्र घेतले होते मी.
ते परत करतो, हे अगदी ओठांवर आलं होतं,
आलं होतं,
तेवढ्यात तिनं ट्रक सुरू केला.