विरळणी

मातोरीच्या शिवारात सकाळी सव्वासातला
तिवई रोवली, वर यंत्र चढवलं,
पाहिलं तर समोर काहीच नव्हतं.
धुकं. धरणाकडून आलेलं,
रामशेजचा डोंगर गिळून बसलेलं.
बारा हातांवर प्रिझम धरून उभा नवनाथसुद्धा
आवाजापुरताच उरलेला.

"साहेब, दिसतंय का?"
"नाही."
"आता?"
"नाही रे."

आठवड्यात नऊ किलोमीटर मोजून द्यायचे होते.
उजाडायच्या आत ग्रुपवर सोळा निरोप.
हल्ली माझं असं झालंय,
द्वारकेच्या चौकात सिग्नल सुटण्याआधी
मागून हॉर्न वाजतो,
आणि मागचा मीच असतो.
मुलीच्या शाळेसमोरचा वड गेला
हे तिनेच मला सांगितलं, वर्षभराने.
वड ज्या रेषेत येत होता
ती रेषा माझ्या सहीची.

बांधावर थांबलो.
थांबायचीसुद्धा सवय लागते;
हात खिशात गेले, बाहेर आले, फोनवर गेले.
रेंज नव्हती.

मांडवाखाली बायका कामाला लागलेल्या,
सुरगाण्याकडच्या, डोक्याला रुमाल,
लुगड्यावर नवऱ्याचे शर्ट.
एकीने माझ्याकडे पाहिलं.
चांगुणा गावित, नाव मागाहून कळलं.
"मोकळा हायेस तर धर," म्हणाली,
आणि चिमणीच्या चोचीएवढी कात्री हातात दिली.

घड कणसासारखा गच्च.
"यातलं निम्मं काढायचं."
"निम्मं? चांगलेच आहेत की सगळे."
"चांगलेच काढायचे.
वाईट तं आपसूक गळतात."

पहिला घड मी बिघडवला. दुसराही.
"बोट नको लावू मण्याला, डाग पडतो."
तिसऱ्याला जरा उमगलं
की कात्रीच्या आधी डोळा आत न्यायचा,
ज्वारीएवढ्या मण्याला
माघात किती जागा लागेल
ते मार्गशीर्षात बघायचं,
आणि मग, जीव तुटला तरी, तोडायचं.
पायाशी हिरवे मणी पडत राहिले.
एकेकाचं काय चुकलं होतं, सांगता येईना.

ती हळू करत नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.
काम उक्तं होतं, झाडामागे पैसे,
माझा एक घड होईस्तोवर तिचे अकरा.
पण घाई कुठे दिसेना.
मी शोधली, तिच्या मानेत, बोटांत, बोलण्यात.
ती एका वेळी एकाच घडापाशी होती
आणि तो सोडला की सोडला.

साडेनऊला धुकं फाटलं.
आधी रामशेज, मग नवनाथ,
मग प्रिझमची लाल टोपी.
"साहेब, दिसतंय!"
रेषा नेमकी तिच्या ओळीतून गेली.
मी खुंटी ठोकली,
लाल रंगात आकडा घातला, शहाऐंशी.

"म्हंजे ह्ये जाणार?"
"हो. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या."
तिने खुंटीकडे पाहिलं,
खुंटीवर लोंबणारा घड हातात घेतला.
"यंदाचा तं पिकंल,"
म्हणाली, आणि आत कात्री घातली.

तिचीच कात्री माझ्या खिशात राहिली बहुतेक;
तिने दुसरी कधी काढली, पाहिलं नाही.
रात्री जेवताना टोचली.
शर्वरी काही सांगत होती, नेहमीच्या लांबणीने,
मैत्रिणीचं पेन, मग बाई, मग पुन्हा पेन.
ताटाशेजारी फोन थरथरला.
चांगलाच निरोप असणार, कामाचा.
मी तो पालथा घातला.
"मग?" म्हणालो.

तिने घास थांबवला.
"बाबा, तुम्ही कुठपासून ऐकताय?"
"पेनापासून."
"कुठल्या? पहिल्या की दुसऱ्या?"

पेनं दोन होती
हे मला माहीत नव्हतं.
"पहिल्यापासून सांग," म्हणालो.