कट्ट्यावर जागा आहे

या, बसा. कट्टा साडेपाचपर्यंत तापलेला असतो,
खाली रुमाल घाला.
तो पिवळ्या हेल्मेटचा तुमचा ना?
एक नंबर मोठं घेतलंय, वाढत्या अंगाचं म्हणून.
आम्हीही घेतलं होतं. उद्याच बदलून आणा.
गणवेश चालतो वाढत्या अंगाचा,
डोकं आजचं असतं.

मी बियाणे कंपनीत, पाकिटांच्या विभागात.
उगवणशक्ती किती टक्के, ते आम्ही पाकिटावर छापून देतो.
प्रांजलला इथं आणलं तेव्हा वाटलं,
सहा महिन्यांत कळेल
किती टक्के.

अकील सर तसं काही सांगत नाहीत.
विचारलं की म्हणतात, पडायला शिकतेय अजून.
तीन महिने पडणंच शिकवतात ते:
गुडघे आधी, तळवे नंतर, बोटं मिटलेली.
फी भरून लेकरू पाडून घ्यायचं,
असं हिची आई शेजारणीला सांगायची.

चाकांचं म्हणाल तर
दुकानदार मोठीच दाखवील. घेऊ नका, पाय भरू द्या.
बेअरिंग मात्र एमआयडीसीतून आणा,
तेच स्पोर्ट्सच्या दुकानात तिपटीला मिळतं.
जालन्याची धूळ लोखंडाची, चाकात जाऊन बसते.
रविवारी रात्री पेपर पसरायचा,
पेट्रोलच्या वाटीत एकेक बुडवायचं,
बोटावर फिरवून कानाशी धरायचं.
टीव्ही बंद.
ती वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका.
आमच्याकडं दोन दिवस कोणी बोललं नव्हतं.

आणि हा फोन खिशात ठेवा.
दोन वर्षं मी इथंच उभा राहून
दर फेरीला घड्याळ दाबत होतो,
वहीत तांबड्या शाईनं सेकंद लिहीत होतो.
एका संध्याकाळी बूट सोडता सोडता ती म्हणाली,
पप्पा, वळणावरून येताना मला तुमचा अंगठा दिसतो.
पुढं काही बोलली नाही.
नाडीला निरगाठ बसली होती,
ती दातानं सोडवत राहिली.

नांदेडचं सांगू का?
सांगण्यासारखं नाही, पण बसलोच आहोत.
हजार मीटर, शेवटची फेरी, प्रांजल चौथी.
पुढं हिंगोलीची मुलगी. वळणावर तिचं चाक खडीवर गेलं
आणि ती घसरत गेली पार फळीपर्यंत.
मी टाळी वाजवली.
आपली तिसरी आली म्हणून वाजवली,
असं नंतर मी मलाच सांगितलं.
पण टाळी आधी वाजली होती.
शेजारी एक बाई उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली,
झाकण उघडलेलं.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं
आणि मग बाटली सांडत पळाल्या.

परतीच्या गाडीत आपण बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.
पूर्णा जाऊ द्या.
परभणीला चहावाला चढेल, काही हवंय का, इतकंच विचारा.
मानवत रोडला खिडकीला डोकं टेकेल.
सेलूच्या आसपास लेकरू आपणहून बोलतं,
पण रेसचं नाही बोलत.
ती म्हणाली, त्या मुलीचं कोपर सोलून निघालं होतं, पप्पा,
मी तिला माझी पट्टी दिली.
शिफा नाव तिचं. तिच्याकडं दोन बोकड आहेत.
परतूर येईपर्यंत बोकडांचंच चाललं होतं,
त्यांची नावं, त्यांची शिंगं, एकानं खाल्लेली प्रगतिपुस्तिका.
पदक पिशवीत, डब्याखाली.
मी शेंगा सोलत होतो, वर बघत नव्हतो.

वही आहे अजून.
उरलेल्या पानांवर हिची आई दुधाचा हिशोब लिहिते.

ते बघा, तुमचा आला वळणावर.
डावा पाय उचलत नाही अजून,
उचलेल, किंवा त्याला दुसरंच काही आवडेल,
आपल्याला पाकीट फोडून बघता येत नाही.
हात कुठं ठेवावेत कळत नसेल
तर हे घ्या, पुडीतल्या,
भाजलेल्या आहेत.