डोमाजी बारापात्रे, फाटक नंबर चौदा

हैदराबादहून रिपोर्ट आला, सतरा पानांचा.
तिसऱ्या पानावर: सी ए सी एन ए एक ए.
धंतोलीच्या दवाखान्याच्या जिन्यात
मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.
मालडब्यावर खडूनं लिहिलेला नंबर वाटला.

डॉक्टर खानोरकर म्हणाल्या,
लहान मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात,
कॅल्शियम आत सोडणारी.
उघडतात, मिटतात,
डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी.
त्या दारांच्या दोन नकाशांपैकी
तुमचा एक नीट आहे, दुसऱ्यात एक अक्षर चुकलंय.
"वडिलांकडून आलं असावं. काय करायचे ते?"

फाटक उघडायचे, मी म्हटलं. आणि लावायचे.
बाई हसल्या.

दिघोरीचं फाटक, छोट्या गाडीचं.
इतवारीहून नागभीडला जायची ती, इतकी हळू
की गार्ड उतरून बाबांकडून खर्रा घेई
आणि परत चढे.

बाबा चालता चालता एका अंगाला जायचे,
घमेल्यातलं पाणी कलतं तसे.
तासभर. कधी अख्खी संध्याकाळ.
मग काहीच नाही. सरळ माणूस.
उमरेड रोडवरचे ट्रकवाले इंजिन बंद करून बघत:
"डोमाजी आज लावून आला बे!"
"नाही पेलो ना बाप्पा," बाबा म्हणत,
पण जीभ जड झालेली असे,
म्हणून ते म्हणणंच पुरावा होई.

आई मला पाठवायची. जा, तोंडाचा वास घे.
मी आठ वर्षांची.
ते पायरीवर बसत
आणि माझ्यासाठी आ करत,
शाळेत डॉक्टर आल्यावर आम्ही करायचो तसा.
खर्रा. कांदा. हातातल्या कंदिलाचं रॉकेल.
"नाही येत," मी आईला सांगे.
शंभर रात्री तरी सांगितलं असेल.

एका रात्री म्हटलं, येतो.

त्या दिवशी कुंदा नंदनवारनं त्यांना
हिरव्या झेंड्यासकट नालीच्या काठावर बसलेलं पाहिलं होतं
आणि मला काहीच विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं पुढचं ताट उचललं.
बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघायचा प्रयत्न केला.
बुबुळं थरथरत होती,
माझ्यावर ठरेनात.
मी समजले, लाजले.

पुढे साहेब आले ट्रॉलीवरून.
चुन्याची रेघ मारून म्हणाले, यावरून चाल.
चार पावलं.
निलंबनाच्या कागदावर: मद्यप्राशन.
त्यानंतर मात्र ते खरंच प्यायले,
नाव झालंच आहे तर.

काल बाईंनी मला फरशीच्या जोडावरून चालवलं,
टाचेला बोट लावत, सरळ.
सहा पावलं. मी मोजत होते.
त्यांनी लिहिलं: अटॅक्सिया.
किती स्वच्छ शब्द.
त्याला कशाचाच वास येत नाही.

गोळ्या सुरू आहेत. बोटांना मुंग्या येतात.
महालात, केळीबाग रोडवर गोळी सोडा घेतला
तर नुसतं पाणी.
गॅस नाही ना यात, मी म्हटलं.
सोडावाला चिडला, फट्कन दुसरी फोडली.
तीही पाणी.
मग आठवलं, बाई म्हणाल्या होत्या,
या औषधानं सोडा फिका लागतो.

तरी बाटली हर्षूकडे दिली.
त्याची तपासणी मी अजून केलेली नाही.
रुपयात आठ आणे, एवढी शक्यता.
"झोंबते का?"
त्यानं नाक आवळलं, डोळ्यांत पाणी आलं.
"झोंबते ना मम्मी. लय झोंबते."

मी दोन्ही बाटल्यांचे पैसे दिले.