वजन

आईच्या तराजूत अर्ध्या लिब्राचं वजन म्हणून
एक काळपट, ओबडधोबड तुकडा असायचा.
सुके मासे घ्यायला आलेल्या बायका कुरकुरायच्या,
"इलुमिनादा, तुझ्या आईचं माप खोटं आहे गं."
खोटं नव्हतं. उलट चिमूटभर जास्तच भरायचं.
तो तुकडा आधी तोफ होता,
त्याच्या आधी घंटा.

चर्चची धाकटी घंटा. मोठी मेलेल्यांची, धाकटी बारशांची.
तातांग ती वाजवायचा, महिन्याला चार पेसो.
आमचं आडनाव दिमाउनाहान,
म्हणजे ज्याच्या पुढे कुणाला जाता येत नाही.
पाद्रीच्या तोंडात ते बसत नसे,
की बसवायचंच नव्हतं त्याला, कोण जाणे.
तो हाक मारायचा, "ए दोरी!"

शहाण्णव सालच्या चिखलात
त्याच दोरीनं तातांगनं घंटा खाली उतरवली.
नऊ माणसं, एक रेडा,
आणि आवाज होऊ नये म्हणून खाली
पाद्रीच्याच दोन गाद्या.
मामेर्तो लोहार म्हणाला, "हे कासं आहे, पोलाद नव्हे. फुटेल."
तातांग म्हणाला, "बोलून फुटू दे."

दोनदा बोलली.
तिसऱ्यांदा मामेर्तो गेला
आणि तातांगचा डावा कान.
त्या संध्याकाळपासून लोक त्याला हेनेराल म्हणू लागले.
हेनेरालकडे सत्तावीस बंदुका होत्या,
बाकी सगळे नारळ सोलायचे कोयते.

मग स्पेनचं निशाण उतरलं. आम्ही नाचलो,
खरं सांगायचं तर एक रात्रसुद्धा पुरती नाही.
कुठे लांब पॅरिसात, कागदावर,
दोन कोटी डॉलरला सौदा झाला होता आमचा,
डोंगर, नद्या, माणसं, वाळत घातलेले मासे धरून.
आई एवढंच म्हणाली,
"मोजलं कुणी? कुठल्या तराजूत?"

तातांग पुन्हा रानात.
नवे धनी सहा फूट उंच, घामाघूम, डब्यातलं मांस खाणारे.
त्यांनी गावं उचलून कुंपणात ओतली,
भाताची कोठारं पेटवली, रेडे गोळ्या घालून मारले.
कुंपणात पटकी आली.
माझा भाऊ तिनोंग चार वर्षांचा होता.
आई अजून त्याला "ताप" म्हणते.

तातांगला कुणी पकडलं नाही.
एप्रिलच्या उन्हात तो स्वतःच खाली आला,
आपली माणसं मोजायला,
आणि मोजता मोजता मध्येच थांबला.

चौकात टेबल मांडलं होतं. दुभाषानं शपथ वाचली,
नव्या सरकारशी इमान, देवासमक्ष, वगैरे.
तातांगनं मान वळवली
आणि डावा कान पुढे केला.
पूर्ण वाचून होईपर्यंत तसाच उभा,
एखाद्या आज्ञाधारक पोरासारखा.
मग सही केली. पूर्ण आडनावासकट.
कारकुनानं तिसऱ्यांदा विचारून ते लिहिलं.
कुंपणाचं फाटक उघडलं.

काही जण म्हणतात विकला गेला.
काही जण त्याच्या नावानं मेणबत्ती लावतात.
मी दोघांनाही मासे विकते.

आता शिक्का मारलेली वजनं आली आहेत, गुळगुळीत, खरी.
तो तुकडा मी झाकणावर ठेवते, मांजर येऊ नये म्हणून.
कधी मांजर त्याला पाडतंच.
फरशीवर बारीकसा नाद होतो, बारशाचा,
आणि ओसरीवर बसलेला म्हातारा
डावीकडे मान वळवतो.

डॉक्टर म्हणतो, त्या कानात काही उरलेलं नाही.
मग पायांतून येत असेल.