पोटात घालणं

नमुन्याची बाटली सिन्योरा साविनांनी
ऑलिव्हच्या बरणीत लपवून आणली,
बरणी पिशवीत, पिशवी शालीखाली.
एकाहत्तराव्या वर्षी विज्ञानाला द्यायचं काय,
तर हे!

मी प्रोब टेकवला. जेल गार.
पडद्यावर डावा कप्पा
दमून मिटत होता:
मार्चमध्ये बासष्ट टक्के, आज सत्तेचाळीस.

ते लाल औषध.
गाठ विरघळली, काळीज सैलावलं.
त्याचं मूळ इथलंच,
आंद्रियाबाहेर, अष्टकोनी किल्ल्यापाशी
मातीत सापडलेला एक जंतू.

"तिथं आम्ही ईस्टरच्या सोमवारी जेवायला जायचो.
रुज्जेरो ती माती बुटांवरून घरभर आणायचा.
मी ओरडायची."

बाटली बर्फात गेली.
पोटातले कोण पांगले, कोण तगले,
हृदयाला कोण जपतं, कोण पोखरतं,
वरच्या मजल्यावर मोजतायत.
नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही.

जेल पुसताना विचारलं,
त्या मातीचा राग येत नाही?

झग्याची बटणं लावत म्हणाल्या,
"अगं पोरी, अपराध पोटात घालायचे.
तिथं वस्ती पुष्कळ आहे, बघतील काय ते.
बरणी तेवढी परत दे.
झाकण घट्ट बसतं तिचं."