माघार

दुसरी पाळी. वाळूज, के सेक्टर.
नव्या नळ्यांचा गठ्ठा उतरला,
चिठ्ठीवर नऊशे ऐंशी, जाडी एक पूर्णांक सहा.
मी एक उचलली आणि हात वरच गेला,
भरलेली समजून घागर उचलावी
आणि ती रिकामी निघावी, तसा.

नव्वद अंशांत वाकवली.
जबडा उघडला
आणि ती चौऱ्याऐंशीवर येऊन थांबली.
पुन्हा नव्वद. पुन्हा चौऱ्याऐंशी.
जुनं लोखंड दीड अंशात ऐकायचं,
नव्या जावयासारखं,
सांगितलं की मान डोलवायचं.

लाल पेटीत अकरावी नळी पडली तेव्हा
सुपरवायझर फोन कानाला लावून बाहेर गेला
आणि दादाराव मगरे आले,
चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
"काय करायलास?"
"वाकत नाही."
"वाकायली की. राहीना, एवढंच."

त्यांनी आतला मॅन्ड्रेल दोन मिलिमीटर पुढे घेतला,
तेलाचा हात फिरवला.
बाकाच्या पोटाला सुरकुती धरते का,
पाठ ताणून पातळ होते का,
बोटाने बघितलं, डोळे दुसरीकडेच.
शहाण्णव टाकलं. मशीन सावकाश केलं.
"जेवढं खंबीर, तेवढं माघारी येतं.
राग नको धरू. हिशेबात धर."

शहाण्णवला थांबलो. जबडा सोडला.
ती हललेली दिसली नाही,
तिच्यावरचं तेल तेवढं थरथरलं.
गेजमध्ये ठेवली.
टक्.

जुना सांगाडा काट्यावर चार किलो दोनशे,
नवा दोन सातशे.
पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने फळ्यावर लिहिलं :
बचत दीड किलो.
खाली दोन रेघा मारल्या.

दीड किलो मला माहीत आहे.
घाटीत, काचेच्या पेटीत
आमची आम्रपाली एवढीच होती, एकोणीस दिवस.
नर्स रोज काट्यावर ठेवायची
आणि आम्ही दोघं दाराबाहेर
वाढलेले ग्रॅम मोजायचो.
इथे घटलेले मोजतात.

ही सीटची पाठ होणार.
वर फोम, फोमवर कापड, कुणाला दिसायची नाही.
कुणीतरी टेकून बसेल,
दौलताबादजवळ गाडी थांबवून सीताफळं घेईल,
बिया खिडकीतून टाकील.
आणि एखाद्या रात्री मागून काही आदळलंच
तर हिने वाकू नये.
त्यासाठी तिला आज एवढं वाकवलं,
हे मगरेंना विचारायचं राहून गेलं,
ते तंबाखू मळत निघून गेले होते.

पाळी सुटली. तीनशे बारा नळ्या, लाल पेटीत सोळा.
रांजणगावपर्यंत रिक्षात चौथा बसलो,
कोपर काटकोनात दुमडून.
उतरल्यावर हात सरळ केला,
पुरता झाला नाही.

घरात पंख्याखाली, उंबऱ्यापाशीच
आम्रपाली झोपलेली. नऊ वर्षांची.
गादीवर नेऊन टाकावी म्हणून उचलली
आणि अंदाज चुकला,
आज दुसऱ्यांदा,
ह्या वेळी उलटा.
कमरेत कळ आली.