सदतीस अंश

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या गल्लीत
आमच्या खोलीची हवा कोरडी ठेवावी लागते.
खानापूरकडून धुकं आलं तरी
टोपणाला ओल लागता कामा नये.

टरफलं लांबून येतात, खोक्यातून, रिकामी.
तिकडं म्हणे पोलादी खुंट्या जिलेटिनात बुडवतात
आणि वाळलं की सालपट ओढून घेतात.
आम्ही भरतो फक्त: लोह, शेवग्याचा पाला,
पूड चिकटू नये म्हणून चिमूटभर स्टिअरेट.
टक्. अंगावर टोपण.

माझं काम विरघळायचं.
सहा काचनळ्या, सदतीस अंश पाणी,
जाळी वर, जाळी खाली, मिनिटाला तीस वेळा;
कुणाचं तरी पोट, काचेचं.
चौथ्या मिनिटाला कड मऊ पडते,
सहाव्याला खांद्याशी फाटते
आणि शेवाळी धूर पाण्यात उतरतो.
मी वेळ लिहिते. सही: द्रौ. पाऊसकर.

नीलव्वा सात वर्षं भरणीच्या यंत्रावर.
रक्त कमी निघालं, डॉक्टरनं आमचीच गोळी लिहिली.
गळ्यातलं लिंग चाचपत म्हणाली,
"ब्याड अक्का, हाडाचं टरफल ते."
आता जेवणाच्या सुट्टीत
नखानं टोपण फिरवून काढते,
पूड ताकात ढवळून पिते, तोंड वाकडं करत.
एवढी कोरडी हवा, एवढ्या खुंट्या,
आणि तिच्या बोटांना दोन सेकंद.

परवा तिचं एक रिकामं टरफल
बंद करून नळीत सोडलं मी.
तरंगत होतं, वर चकती ठेवली.
आत काही नव्हतं सोडायला.
तरी फाटलं,
सहाव्या मिनिटालाच.